कॅमेऱ्याचा तोल आणि खरेदीचा तोल

लग्नसराई सुरू झाली की आमच्या सांगोल्यात दोन माणसांना क्षणाची फुरसत नसते. एक आचारी आणि दुसरा कॅमेरावाला. आचारी बहुधा पिढीजात असतो. कॅमेरावाला मात्र पंचविशीच्या आतला, शिकता शिकता चार पैसे मिळवणारा मुलगा असतो. पूर्वी स्टुडिओवाला मांडवात एका जागी तिवई रोवून उभा राही आणि सगळे वऱ्हाड त्याच्यासमोरून जाई. आता तसे चालत नाही. वरातीबरोबर चालत, नवरीच्या मागोमाग जिना चढत, गजीनृत्याच्या ढोलाभोवती फिरत चित्रण करावे लागते. ते नुसत्या हातात धरलेल्या मोबाईलवर केले, की घरच्या मंडळींना पाहताना खडीच्या रस्त्यावरून एस.टी.त बसून चालल्यासारखे वाटते. मग या मुलाला एक उपकरण हवेसे होते. कोणी त्याला स्टॅबिलायझर म्हणतो, कोणी गिंबल. आपण त्याला तोलयंत्र म्हणू.

आता हे तोलयंत्र घ्यायचे कुठून? चार प्रकार समोर मांडून, हाताळून पाहावेत, अशी सोय तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. सोलापूर सुमारे ८० किलोमीटर, पुणे त्याहून दूर. तेव्हा खरेदी होते ती मोबाईलच्या पडद्यावर. तिथे नामांकित कंपनीच्या यंत्राची किंमत पाहून मन कचरते, आणि शेजारीच कुणा अनोळखी लहान विक्रेत्याची तशीच दिसणारी वस्तू निम्म्या किमतीत दिसते. घ्यावी की न घ्यावी? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. माझे उत्तर पहिल्यानेच सांगून टाकतो: लहान विक्रेत्याला भिण्याचे कारण नाही, भ्यायचे ते निनावी विक्रेत्याला. हे दोघे पडद्यावर सारखेच दिसतात, पण त्यांना वेगळे ओळखता येते. त्यासाठी आधी वस्तू कळली पाहिजे, मग माणूस, आणि शेवटी आपला हक्क.

प्रथम वस्तू. दोरावरून चालणारा डोंबारी हातात लांब बांबू आडवा धरतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बांबू त्याला का लागतो? वजन मध्यापासून दूर दोन्ही टोकांना पसरले, की ती वस्तू चटकन वळत नाही. तिला कलायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात डोंबारी स्वतःला सावरतो. कॅमेऱ्याचे साधे, बिनमोटारीचे तोलयंत्र याच तत्त्वावर चालते. वर कॅमेरा, मध्ये दांडा, खाली वजन, आणि मुठीशी सहज फिरणारा सांधा. हात हलला तरी सांध्यामुळे तो हिसका वर पोचत नाही, आणि खालच्या वजनामुळे कॅमेरा पटकन कलत नाही. अमेरिकेतील गॅरेट ब्राऊन याने १९७० नंतरच्या वर्षांत याच विचारातून स्टेडीकॅम नावाचे यंत्र घडवले. अंगावर जाकिटासारखा पट्टा, त्याला स्प्रिंगचा हात, आणि त्या हातावर कॅमेरा. १९७६ च्या 'रॉकी' या चित्रपटात त्याचा उपयोग झाला, आणि १९७८ साली त्या शोधाला ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रकार मोटारीचा. जहाज कितीही डोलले तरी होकायंत्र सपाट राहावे म्हणून ते एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगत. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे नाव त्या रचनेला चिकटले आहे, पण ती त्याच्याहून पुष्कळ जुनी. गिंबल म्हणजे तीच कडी. फरक एवढाच, की आता प्रत्येक सांध्यावर एक छोटी विजेची मोटार असते. यंत्रातला संवेदक किंचित कल ओळखतो आणि मोटार उलट दिशेला तितकीच फिरते. हे काम सेकंदाला शेकडो वेळा चालते. २०१३ च्या सुमारास अशी हातात धरायची यंत्रे व्यावसायिक मंडळींकडे आली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत मोबाईलसाठी लहान यंत्रेही बाजारात दिसू लागली.

आता 'थ्री-ॲक्सिस' हा शब्द समजून घेऊ, कारण फसगतीचे मूळ बहुधा तिथेच असते. आपली मान तीन तऱ्हांनी हलते. 'हो' म्हणताना वरखाली, 'नाही' म्हणताना डावीउजवीकडे, आणि 'कोण जाणे' म्हणताना खांद्याकडे कलते. या तिन्ही हालचाली जे यंत्र आवरते ते तीन अक्षांचे. स्वस्त यंत्रांपैकी पुष्कळशी फक्त एक हालचाल, म्हणजे कलणे तेवढे आवरतात. एका जागी उभे राहून चित्रण करायचे असेल तर ती चालतील. पण वरातीबरोबर चालताना त्यांचा उपयोग थोडा. आणि जाहिरातीत 'थ्री-इन-वन' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचून मुले हुरळतात. थ्री-इन-वन म्हणजे तीन अक्ष नव्हेत. सेल्फीची काठी, छोटी तिवई आणि दूरून बटण दाबायचा रिमोट, हे तीन एकात, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेता खोटे बोललेला नसतो. आपण घाईने वाचलेले असते.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. तीन अक्षांचे यंत्रही पावलागणिक बसणारा वरखाली हिसका पुरता घालवत नाही. ते काम स्टेडीकॅमच्या स्प्रिंगच्या हाताचे. तेव्हा ते आपल्या गुडघ्यांनी करावे लागते. डोक्यावर दोन घागरी घेऊन पाणंदीने येणारी बाई कशी चालते ते आठवा. गुडघे किंचित लवलेले, पाऊल अलगद, आणि वरचे पाणी हिंदकळत नाही. तशी चाल जमली, तर मध्यम यंत्रानेही सुरेख काम होते. न जमली, तर महागडे यंत्रही डोलते.

म्हणून खरेदीपूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, मला याची खरोखर गरज आहे का? कीर्तन, व्याख्यान, सत्कारसमारंभ एवढेच टिपायचे असेल तर साधी तिवई पुरते. शिवाय हल्लीच्या पुष्कळ मोबाईलमध्ये चित्र स्थिर करण्याची आपली अशी सोय असते. तिच्यात चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, आणि रात्रीच्या अपुऱ्या उजेडात चित्र पुसट येते. पण दिवसाच्या कामाला ती पुष्कळदा पुरेशी होते. दुसरा प्रश्न, माझा कॅमेरा किती वजनाचा? मोबाईल साधारण १७० ते २३० ग्रॅमचा असतो, वर कव्हराचे वजन निराळे. भिंगासह मोठा कॅमेरा किलोभर किंवा त्याहून जास्त भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर तो एकदा ठेवून पाहा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. यंत्राच्या वर्णनात ते किती ग्रॅमपर्यंत पेलते हे दिलेले असते. आपले वजन त्या मर्यादेच्या काठावर नको. थोडी सवड हवी. जड मोबाईलखाली अशक्त मोटार गुरगुरते, तापते आणि लौकर दमते. हा आकडाच वर्णनात नसेल, तर ती वस्तू सोडून द्यावी.

आता माणसाकडे वळू. न पाहिलेल्या विक्रेत्याकडून वस्तू मागवणे आपल्याला नवे नाही. टपालखात्याची व्ही.पी. १८७७ साली सुरू झाली. पुस्तके, औषधे, घड्याळे, सगळे व्ही.पी.ने येई आणि पोस्टमन दारात आला की पैसे मोजून ती 'सोडवावी' लागे. आजची कॅश ऑन डिलिव्हरी हे तिचेच नातवंड. पण आजीचा एक दोष नातवाकडेही आला आहे. पैसे आधी आणि गाठोडे नंतर उघडायचे! तेव्हा 'वस्तू हातात आल्यावरच पैसे देणार, मग कसली भीती' हे समाधान अर्धेच खरे आहे. पार्सल मिळेल एवढी हमी त्यात आहे. पार्सलात काय असेल याची नाही. काही ठिकाणी पार्सल उघडून दाखवून मग स्वीकारण्याची सोय असते. ती असेल तर अवश्य घ्यावी.

मग विक्रेता पारखावा कसा? माझ्या मते सगळ्यांत उत्तम कसोटी म्हणजे खरेदीपूर्वी त्याला एक नेमका प्रश्न विचारणे. "माझा फोन कव्हरासह २४० ग्रॅम भरतो. तुमचे यंत्र तो पेलेल का?" जो विक्रेता स्वतः माल हाताळतो, तो या प्रश्नाला धड उत्तर देतो. आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला पुण्याच्या एका छोट्या दुकानदाराने फोनवर सांगितले, "हे घेऊ नका, तुमच्या फोनला कमी पडेल. कव्हर काढून वापरणार असाल तरच घ्या." त्या दिवशी दुकानदाराची विक्री झाली नाही, पण पुढच्या महिन्यात त्या मुलाने त्याच्याकडूनच दुसरे यंत्र घेतले आणि बिघडलेली पकडही त्याच्याकडूनच बदलून आणली. जो आपल्याला एखादी वस्तू घेऊ नका म्हणतो, त्याच्याकडून दुसरी वस्तू खुशाल घ्यावी. ही पारख बाजारपेठेइतकीच जुनी आहे.

दुसऱ्या एका मुलाला निरोपांच्या ॲपवर एक दुवा आला. चित्र झकास, किंमत निम्म्याहून कमी, आणि 'आज रात्री बारापर्यंतच' अशी मुदत. वजनाचा प्रश्न विचारला तर उत्तर आले, "सर्व फोनला चालते, पेमेंट करा." पैसे गेले, आणि नंतर तो क्रमांकही बंद. दोन लग्नांचे विसार त्यात बुडाले. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल; पण ज्याची फी त्यातून भरायची होती, त्याला ती किरकोळ नव्हती. श्रोतेहो, पहिला विक्रेता लहान होता, दुसरा निनावी होता. मी सुरुवातीला म्हटलेला फरक तो हाच.

नाव आहे की नाही हे तपासण्याच्या काही साध्या खुणा आहेत. विक्रेत्याचे नाव, पत्ता, फोन आणि वस्तू कोणत्या देशात तयार झाली, ही माहिती वाचता आली पाहिजे. पक्के बिल मिळेल का ते विचारावे. बिलावर जीएसटी क्रमांक असतो तो पंधरा अक्षरांचा, आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७, कर्नाटकचे २९. विक्रेता पुण्याचा म्हणवतो आणि क्रमांक ०७ ने सुरू होतो, तर चौकशी करावी. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की धंद्याचे नाव दिसते, त्याला पैसे पडत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा. आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या अगदी छोट्या विक्रेत्यांना ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर या नोंदणीतून सूट मिळाली आहे. म्हणून क्रमांक नाही एवढ्यावरून कुणाला लबाड ठरवू नये. नाव, पत्ता आणि बिल मात्र त्यानेही दिलेच पाहिजे.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचताना नुसते पाच ताऱ्यांचे वाचू नयेत; तीन ताऱ्यांचे वाचावेत. फार रागावलेला आणि फार खूश झालेला, दोघेही कमी माहिती देतात. मधला माणूस सांगतो की बॅटरी किती टिकली, ॲप आपल्या फोनवर चालले की नाही. ही ॲपची चौकशी महत्त्वाची आहे, कारण काही यंत्रे ॲपशी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. आणि खरेदी ज्या बाजारमंचावर ठरली तिथेच पैसे द्यावेत. "इकडे थेट पाठवा, दोनशे रुपये कमी करतो" असे कोणी म्हणाला, तर त्या दोनशे रुपयांत आपली तक्रारीची वाट विकत घेतली जात आहे असे समजावे. परताव्याच्या निमित्ताने कोणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितले तर फोन खाली ठेवावा. पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच लागत नाही.

पार्सल आले की घाईने फाडू नका. वरची चिठ्ठी दिसेल तिथपासून आत काय निघाले तिथपर्यंत, मध्ये न थांबवता, दुसऱ्या मोबाईलवर चित्रण करून ठेवा. आपण चित्रणाचाच धंदा करणार, तर पहिले चित्रण आपल्या पुराव्याचे असू द्या. मग यंत्र पूर्ण चार्ज करा. चार्ज होताना बॅटरी फुगते आहे किंवा हात लावू नये इतकी तापते आहे असे दिसले, तर वापर तिथेच थांबवा. यंत्र बंद ठेवूनच मोबाईल चढवा आणि हाताने तोल साधा. शक्य तितका तोल आधी हाताने साधायचा आणि उरलेला मोटारींवर सोपवायचा, हा नियम. नंतर चालू करून दहा मिनिटे घरात, अंगणात, जिन्यावर फिरा. गुरगुर ऐका, क्षितिज सरळ राहते का पाहा. हे सारे परत करण्याची मुदत संपण्याच्या आत झाले पाहिजे. पेटी आणि आतले पुठ्ठे तोवर टाकू नका.

आणि इतके करूनही वस्तू वर्णनाप्रमाणे नसली तर? इथे आपल्या बाजूला कायदा उभा आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. माल विक्रीच्या १९३० च्या कायद्यातच असे म्हटले आहे की वर्णनावरून माल विकला, तर माल त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. पडद्यावरची खरेदी म्हणजे वर्णनावरची खरेदीच. म्हणून खरेदीच्या दिवशीच त्या वर्णनाचे चित्र मोबाईलवर टिपून ठेवावे. उद्या ते बदललेले असू शकते. पुढे आपल्याकडे ग्राहक चळवळ उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच महिन्यात ऑनलाईन व्यापाराचे नियमही आले. माल सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. त्याने गिऱ्हाईक असल्याचे सोंग घेऊन आपल्याच मालाची तारीफ लिहिणेही नियमबाह्य आहे. बाजारमंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची असते.

तेवढ्याने भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी दिल्लीला जावे लागत नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला सोलापूर. वस्तूपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. काही मुले विचारतात, "सर, आम्ही तर धंद्यासाठी घेतले, मग आम्ही ग्राहक कसे?" प्रश्न शहाणपणाचा आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही हे खरे. पण केवळ स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळलेली आहे. स्वतः कॅमेरा धरणारा मुलगा ग्राहकच आहे. मात्र एखाद्या गृहस्थाने घरची जुनी वस्तू एकवार विकली, तर त्याला हे ऑनलाईन व्यापाराचे नियम लागू पडत नाहीत. जुना माल घेताना तो समक्ष हाताळूनच घ्यावा. आणि उघड उघड पैशांची फसवणूक झाली असेल तर वेळ न दवडता १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक फिरवावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची आशा अधिक.

ज्यांच्याजवळ एवढेही पैसे नाहीत त्यांच्यासाठी एक वाट उरते, हाताने करण्याची. अमेरिकेतल्या जॉनी ली नावाच्या एका विद्यार्थ्याने नळाचे पाईप, काही जोड आणि व्यायामाचे एक वजन वापरून चौदा डॉलरांत तोलयंत्र बनवले आणि त्याची कृती सगळ्यांना खुली केली. आमच्याकडे नळाचा पाईप आहे, वेल्डिंगचे दुकान आहे, वजनालाही तोटा नाही. आणि ही काही परक्यांचीच विद्या नव्हे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि तिथून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास खटपटीने कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला. दोघांचेही चित्रपट झाले. मागवणे आणि घडवणे, दोन्ही रस्ते आपल्या माणसांनी चोखाळलेले आहेत. एकदा हाताने तोलयंत्र जुळवलेला मुलगा पुढे विकतचे घेताना सहसा फसत नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

शेवटी एक विचार सांगतो. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती आमच्या सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. डाळिंब पिकवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला बंगालमधल्या गिऱ्हाइकाने कधी पाहिलेले नसते. आज आमच्यातलीच काही तरुण मंडळी डाळिंब, खिलारी गाईचे तूप, घोंगडी मोबाईलवरून थेट विकू पाहतात. त्या दूरच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती कोण? अनोळखी, लहान विक्रेतीच ना? "लहान माणसाकडून काही घेऊच नका" असा सल्ला मी दिला, तर तो उद्या आमच्याच दारात उलटून येईल. म्हणून वजन करून, प्रश्न विचारून, बिल घेऊन लहान विक्रेत्याकडून खुशाल खरेदी करा. आणि स्वतः विकायला बसाल तेव्हा नाव, पत्ता आणि खरे वजन आधी लिहा.